पाचवं रहस्य

प्रिय आई, बाबा,

गेल्या रविवारी मी आशीर्वाद न घेताच निघाले. रोजरीची जपमाळ संपली की मोठ्यांपुढे वाकायचं, हे लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं. "आमचे उपकार विसरलीस," हे बाबांचे शब्द इतके लागले, की मी तशीच स्टेशनकडे चालू लागले. आधी त्याची क्षमा मागते.

बाबा, मी विसरले नाही. मोगऱ्याची टोपली घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी आई विसरायची कशी? माझ्या फीसाठी तिच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. लग्नकार्यात ती काचेच्या बांगड्या घालते आणि "मला ह्याच शोभतात" म्हणते. आई, मला ते दर वेळी दिसतं.

तरीही कायम झालेली नोकरी सोडून मी दोन वर्षं पुण्याला शिकायला जाणार आहे. का, ते त्या दिवशी सांगताच आलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कमी ऐकू येणारी. ती माझ्या ओठांकडे बघून शिकायची. मी फळ्याकडे वळून बोलत राहायचे, आणि तिचा धडा तिथंच तुटायचा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा वर्ष सरलं होतं. अशा मुलांना कसं शिकवायचं ते मला नीट शिकायचं आहे.

बाबा, आपला रहाट आठवा. तुम्ही विहिरीवर पंप बसवलात तेव्हा आजोबा कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, असं आईच सांगते. त्यांना वाटलं, मुलानं आपली मेहनत मोडीत काढली. पण आपलं बावखलाचं तळं बुजवून तिथं चाळ बांधा म्हणणाऱ्यांना तुम्हीच परत पाठवलंत. पावसाचं पाणी त्या बावखलात मुरतं म्हणून आपल्या विहिरीला गोडं पाणी राहतं, हे आजोबांनीच तुम्हाला शिकवलं होतं. रहाट थांबला, पाणी तुम्ही राखलंत. आजोबांचे उपकार तुम्ही विसरलात, असं मला कधीच वाटलं नाही.

सोमवारी आणि शनिवारी आपण रोजरीत आनंदाची पाच रहस्यं, येशूच्या जन्माचे नि बालपणाचे प्रसंग, म्हणतो. त्यातलं पाचवं, बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो ते, मी या आठवड्यात लूकच्या शुभवर्तमानात पुन्हा वाचलं. तीन दिवस शोधून थकलेली मरिया त्याला विचारते, बाळा, आमच्याशी असं का वागलास? त्याचं उत्तर आईबापांना समजलं नाही, हे लूकनं सरळ लिहून ठेवलंय. पुढे तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि लगेच पुढच्याच ओळीत तो ज्ञानानं वाढत गेला. आज्ञेत राहणं आणि वाढणं लूकनं शेजारी शेजारी ठेवलंय. मरियेनं मात्र सगळं मनात जपून ठेवलं. आई, तू त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या मनात काय आहे ते मला ऐकायचंय.

चर्चमधल्या मिस्साबलिदानाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थच उपकारस्तुती. आणि 'मिस्सा' हा शब्द आला लॅटिनमधल्या पाठवणीच्या शब्दावरून. दर रविवारी आपण आभार मानतो आणि मग बाहेर पाठवले जातो. मलाही तुमच्याकडून तसंच जायचंय, दार लोटून नाही.

फी मी साठवलेल्या पैशांतून भरतेय, वाडीतला एक रुपयाही लागणार नाही. आईच्या गुडघ्याची औषधं दर महिन्याला मीच पाठवणार, त्यात खंड पडणार नाही. सुट्टीत फुलं खुडायला येईन.

या शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचते. रोजरीला थोडा उशीर झाला तरी थांबा. पाचवं रहस्य मला सांगू द्या, आणि राहिलेला आशीर्वादही मला द्या.

तुमची,
बाय