सुमे, आता मीच घोरते

नाशिक, पहाटेचे साडेतीन

सुमे,

आठ महिने ना पत्र ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, सातवा सरत आला, हिमोग्लोबिन 9.8. झालं.

खरी बातमी ही की मी घोरायला लागलेय. हसून घे. तुझ्या घोरण्याची तक्रार घेऊन रेक्टरबाईंकडे गेलेली मी! अमोलने मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. लाकडाची वखार गं नुसती. पण मध्येच आवाज थांबतो, आणि मग बुडणारा वर यावा तसा श्वास. तो थांबलेला तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला. अकरा सेकंद.

सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत नाक चोंदतंच. तेही खरं. डॉक्टरबाईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. आधी न घोरणारी बाई गरोदरपणात घोरू लागली, तर बीपी चढण्याचं प्रमाण अशांत जास्त दिसतं म्हणाल्या. माझं 136/86. 140/90 ला घंटा वाजते. लघवीत प्रोटीन नाही, पण आता दर आठवड्याला बीपी बघायचं, आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा सुजला, तर रात्र-दिवस न बघता यायचं. झोपेची तपासणीही लिहून दिलीय.

कुशीवर झोपायचं, तर जाग येते तेव्हा मी उताणी! पोटाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो हे ऐकल्यापासून दचकून वळते आणि बाळ लाथ मारेपर्यंत जागी राहते. "जाग आली की वळ, घाबरायचं काय त्यात," असं बाई म्हणतात. त्यांना काय जातंय! त्यात पाय वळवळतात. लोह कमी असलं की होतं म्हणे. आणि मी शहाणी लोहाची गोळी चहाबरोबर गिळत होते. परवा तिसरीच्या वर्गात पाढे ऐकता ऐकता डोळा लागला. पोरं इतकी गप्प बसली की त्या शांततेनेच जाग आली.

सुमे, तुझ्या वेळी तू फोनवर म्हणाली होतीस, "उठून पाणी घ्यायचंही त्राण नाही गं." आणि मी म्हटलं होतं, "सगळ्यांनाच होतं, तुझी नाटकं नेहमीचीच." त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल आपण कधी बोललोच नाही. चिऊच्या बारशाला मी हसतमुखाने झबलं घेऊन आले, आणि तूही काही काढलं नाहीस. तू काढायला हवं होतंस. भांडायला तर तू एरवी एका पायावर तयार असतेस!

आता सांग, तुला आधी काय जाणवलं होतं? साधा थकवा आणि तो थकवा, यात काही फरक कळला होता का? डॉक्टरांचं सगळं पाठ झालंय, मला तुझ्याकडून ऐकायचंय.

बदलीचं काय झालं? काकूंचं मोतीबिंदू? चिऊला पापा. यंदा पहिलीत ना?

तुझी,
मंदी

ता. क. त्या रात्री तुला उशी निमीने नाही, मी मारली होती.