पोचलं का रे?

सिन्नर
12 जुलै 2020

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "सरकारनं फुकट धान्य दिलं म्हणतात, खरंच पोचलं का रे?" माझ्या रेशन दुकानात रांग होती, म्हणून नुसतं "पोचलं" म्हणून फोन ठेवला. आज दुकान बंद आहे, नीट लिहितो.

पोचलं. पोती वेळेवर येत होती, लॉकडाऊनमुळे हमालच घरी बसले होते. मी आणि धाकट्यानं पाठीवर वाहिली. डाळ मात्र रखडत आली. खरी भांडणं झाली पावतीवरून. नेहमीचा गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो, तो आधी विकत घ्यायचा. गरीब कल्याण योजनेचा माणशी 5 किलो तांदूळ नंतर, वेगळ्या पावतीवर मोफत. लोकांनी टीव्हीवर 'मोफत' एवढंच ऐकलेलं. चौघांच्या घराचे नेहमीच्या धान्याचे 48 रुपये मागितले की, "सरकार फुकट देतंय आणि तू खातोस!" आपल्या गल्लीतल्या मावशींनी तर पिशवी काउंटरवर आपटली. त्यांना दोन्ही पावत्या शेजारी ठेवून तीनदा वाचून दाखवल्या, तेव्हा कुठे निवळल्या. दुसऱ्या दिवशी लोणचं आणून दिलं.

मग अंगठा. एरवी धान्य घेणारा मशीनवर अंगठा लावतो. कोरोनात एका मशीनवर सगळ्या गावानं बोट टेकवायचं नको, म्हणून दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप करायची मुभा मिळाली. दिवसभर सॅनिटायझर चोळून चोळून माझाच अंगठा मशीनला ओळखू येईना! सोय झाली, पण उद्या कुणी म्हणालं 'यानं परस्पर उचललं', तर? म्हणून शंभर पानी वही घातली, प्रत्येकाची सही घेतली. आमच्या धंद्याचं नाव आधीच किती चांगलं, तुला माहीत आहे.

केशरी कार्डवाल्यांचं मनाला जास्त लागलं. आपल्या वर्गातला सलूनवाला एप्रिलमध्ये रांगेत शेवटी उभा होता. मला बघितलं आणि मान खाली घालून निघून गेला. त्याचं कार्ड केशरी, स्वस्त धान्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतंच. मे महिन्यापासून केशरीवाल्यांना गहू 8 आणि तांदूळ 12 रुपयांनी सुरू झाला, तेव्हा मीच फोन करून बोलावला. कटिंग बंद होऊन तेव्हा महिना उलटून गेला होता.

आणि एमआयडीसीतली ती बिहारची पोरं. एप्रिलमध्ये पाच जण आले होते, "सेठ, हमारा कुछ नहीं है क्या?" कार्ड त्यांच्या गावी, मशीनवर मी काय दाबू? घरातले दहा किलो तांदूळ दिले. मेच्या मध्याला जाहीर झालं, कार्ड नसलेल्या मजुरांनाही माणशी 5 किलो. संध्याकाळी गाडी काढून त्यांच्या खोलीवर सांगायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत दोरीवर एक ओला टॉवेल वाळत होता. शेजारचा म्हणाला, "सकाळीच निघाले, चालत."

आता गरीब कल्याण योजना नोव्हेंबरपर्यंत वाढवली आहे. वही संपली, नवी आणायची आहे. तू दिवाळीला ये, बोलू.

तुझा,
अण्णा