विहिरीला सांगितलेली स्वप्नं

येना (जर्मनी), रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, थंडीचा कोट घेतलाय आणि तो चांगला उबदार आहे. बुधवारी आईचा पहाटे फोन आला तेव्हा इथे रात्रीचा एक वाजला होता. अर्धवट झोपेत मी "काही नाही गं, ठेव" म्हणाले, ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून आज सगळं नीट लिहायला बसले.

आई, स्वप्नात मी खाडीत बुडताना तुला दिसले, म्हणून तू फोन केलास. अगदी असंच इथल्या एका डॉक्टरांच्या बाबतीत घडलं होतं. हान्स बर्गर त्यांचं नाव. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. कित्येक मैलांवर बसलेल्या बहिणीच्या मनाने घेतलं होतं की भावाचं काहीतरी बरं नाही. ती तार त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. पुढे 1924 साली याच गावात त्यांनी माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली, आणि 1929 मध्ये ती छापून जगापुढे ठेवली. मेंदूतली वीज टिपणारी जी टोपी मी आज डोक्याला घालते, ती त्या तारेमुळे आहे असं मी मानते. तेव्हा तुझ्या फोनला मी वेडेपणा म्हणणार नाही.

आणि बाबा, त्या टोपीतून करंट देत नाहीत हो. डोक्यात जी वीज मुळातच असते तीच ती टिपते, आणि तीही व्होल्टच्या काही लाखांश भागांइतकी. केसांना जेल लागतं, ते धुतलं की जातं. केस गळत नाहीत.

काम काय चाललंय ते आता सांगते. डोळे मिटून शांत बसलं की मेंदूत सेकंदाला आठ ते तेरा लाटा उठतात, गाढ झोपेत चारपेक्षाही कमी. आपल्या कानाला विसाच्या खालचं ऐकूच येत नाही. आल्विन लुसिअर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने 1965 साली यावर उपाय काढला: लाटा स्पीकरला द्यायच्या आणि स्पीकर ढोलाला चिकटवायचा. मग ढोल वाजतो, हात न लावता. मी पखवाज ठेवलाय. डाव्या पुडीला कणीक लावते, पण हीटरने ती तासाभरात सुकून पडते. मग पुन्हा मळायची, ओल्या बोटांनी थापायची. पुडीवर चार तांदूळ टाकले की ते माझ्या झोपेच्या लयीत उडतात. मागच्या पडद्यावर बाबांनी पाठवलेले, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतानाचे व्हिडिओ आहेत.

माझ्या या संगीतरचनेचे भाग चार, मांडूक्य उपनिषदातले: जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि त्यापलीकडची चौथी अवस्था, तुरीय. स्वप्नाचा भाग मला कुठे शोधायला लागला नाही. आचऱ्याच्या जत्रेत दशावतारातला संकासूर येईपर्यंत मी जागी असायचे, मग आईच्या मांडीवर झोप. अर्धा पखवाज कानात, अर्धा स्वप्नात, आणि मध्येच तुझा हात, "ऊठ गो, राजा इलो." तेवढंच मी लिहिलंय.

चौथा भाग मात्र अडला होता. तो सुटला इथल्या रविवारमुळे. हे तुम्हाला पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. रविवारी इथे आवाज करत नाहीत. दुकानं बंद. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं मशीन चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचकचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ होतं. कुणी कुणी कपडे धुवायचं मशीनही लावत नाहीत. देवळाच्या कर्ण्यावर पहाटे पाचला उठणाऱ्या आपल्याला हे आजारपणासारखं वाटेल, मलाही वाटलं. पहिल्याच महिन्यात मी रविवारी पेटी काढली तर खालच्या आजी वर आल्या. रागावल्या नाहीत, नुसतं बोट दाखवलं, तेही घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे. पण असे चाळीस रविवार काढल्यावर त्या शांततेत खालून वर येणारं बरंच काही ऐकू यायला लागलं. अ, उ, म नंतर जे उरतं ते वाजवायचं नसतं. चौथ्या भागात आता कुणीच काही वाजवत नाही.

बाबा, तिसऱ्या भागाबद्दल तुमची परवानगी हवी आहे. आजी पडवीत दुपारी निजायची तेव्हाचं तिचं झोपेतलं बोलणं माझ्या फोनवर आहे. शब्द लागत नाहीत, फक्त सूर. ते मी गाढ झोपेच्या लाटांवर ठेवलंय. तिला न विचारता घेतलं होतं, आणि ती गेली तेव्हा मी आले नाही. वर्षश्राद्धालाही येणं होत नाही, प्रयोग त्याच आठवड्यात आहे. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकेन, खरंच.

पैशांचं: कलमांच्या फवारणीला या महिन्यात 300 युरो पाठवते. शनिवारी बेकरीत काम असतं, त्यातले आहेत, पोट मारून नाही. आईच्या पाटल्या एप्रिलपर्यंत सोडवू. कर्जाचा हप्ता सुरू व्हायला अजून वेळ आहे, बँकेत जाऊन विनवण्या करू नका.

कुडाळच्या स्थळाचं: मुलगा चांगला आहे, फोनवर बोलले. शिक्षण सहा महिने लांबलंय हे मी त्याला सांगितलं, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते थांबणार नसतील तर तुम्ही शब्दात अडकू नका. आत्याला मी समजावेन.

एक काम कराल का? आजी वाईट स्वप्न पडलं की पहाटे रहाटावर जाऊन विहिरीला सांगायची. त्या रहाटाचा आवाज मला हवा आहे, पहिली घागर वर येतानाचा. आईने काढावा, नेहमीच्या हाताने. फोन कठड्यावर ठेवू नका, पडेल. बाजूच्या चिऱ्यावर ठेवा.

तुमची,
ताई