जमिनीखालच्या नळ्यांविषयी

स्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

थंडीत घर उबदार राहावे म्हणून आम्ही जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालत आहोत. त्यातली एखादी नळी फुटली तर सगळी लादी उखडायची का, ही आपली शंका रास्त आहे. फोंड्याच्या घरी न्हाणीघरातली गळती शोधताना केवढी भिंत फोडावी लागली होती, हे आठवून मीही प्लंबरला प्रथम तेच विचारले.

गळती बहुतेक वेळा सांध्यापाशी होते, आणि इथे जमिनीखाली सांधाच ठेवत नाहीत. १६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची नळी साधारण १५ सेंटिमीटर अंतराने वेटोळी घालत एकसंध पसरतात, आणि तिची दोन्ही टोके भिंतीतल्या पेटीत आणून तेवढीच जोडणी करतात. कोबा घालण्याआधी नळीत पाणी भरून दाब देतात आणि कोबा घालतानाही तो कायम ठेवतात, त्यामुळे कोणाच्या फावड्याने नळी फाटलीच, तर मापकाचा काटा तत्काळ खाली येतो. पुढे भीती उरते ती ड्रिलची. म्हणून प्रत्येक खोलीतल्या नळ्यांचे मोजपट्टीसह फोटो काढून ठेवले आहेत.

नळ्यांखाली थर्माकोलसारखे जाड फलक आहेत, नाहीतर ऊब खाली मातीतच जायची. भिंतींच्या कडेने फोमची पट्टी लावली आहे, कारण कोबा तापला की पसरतो. आपल्याकडचा गवंडी स्लॅब नीट मुरावा म्हणून त्यावर आळी करून पाणी साठवतो, तसा इथेही कोब्याला वेळ द्यावा लागतो. इथे सिमेंटचा कोबा निदान २१ दिवस तापवायचाच नाही आणि त्यानंतरही पहिले तीन दिवस नळ्यांतले पाणी २५ अंशांच्या आसपासच ठेवायचे, असा दंडक आहे. थंडी तोंडावर आली असताना हे थांबणे जड जाते, पण घाईने कोब्याला तडे गेले तर दोष कोणाला द्यायचा?

पाय भाजतील, ही आईची काळजी मात्र अनाठायी आहे. इथल्या मानकाप्रमाणे राहत्या खोलीतली लादी २९ अंशांपुढे तापू देत नाहीत. मे महिन्यात दुपारी आपल्या ओसरीवरची लादी बहुधा याहून गरम असेल. एवढ्यासाठी नळ्यांत ३५ ते ४० अंशांचे पाणी पुरते, म्हणून हीट पंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता खेचून पाणी तापवणाऱ्या यंत्राला, हीच पद्धत मानवते. उणीव एकच, की एवढा जाड कोबा तापायला आणि निवायला तासन्‌तास लागतात, तेव्हा कामावर जाताना बंद करून संध्याकाळी लावण्यात अर्थ नाही.

लाकडापेक्षा लादीतून ऊब सहज वर येते, म्हणून सर्वत्र लादीच घालत आहोत. जाड गालिचाही ऊब अडवतो, तेव्हा आईने आमच्यासाठी घेऊन ठेवलेला गालिचा जानेवारीत येताना आणू नये, तिकडेच वापरावा.

आपला आज्ञाधारक पुत्र