नाव एन्फिल्ड, बंदूक भलतीच

संपादक महोदय,

१८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरच्या चित्रपट-मालिकांत कपडेपट अलीकडे बराच सुधारला आहे. हत्यारांकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. शिपायांच्या हातात सर्रास .३०३ दिसते. घोळ बहुधा नावाचा असावा. ज्या काडतुसांवरून रान पेटले ती एन्फिल्ड रायफलची, आणि .३०३ म्हणजेही ली-एन्फिल्डच. पण पहिली १८५३ ची, ठासणीची. दुसरी १८९५ ची, दहा गोळ्यांच्या मॅगझिनची. मध्ये चाळीसेक वर्षे गेली!

चूक बारकी वाटेल, पण तिने कथेचा कणाच मोडतो. ठासणीच्या एन्फिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी. तिचे टोक दाताने फाडायचे, साडेचार ग्रॅमच्या आसपास दारू नळीत ओतायची, मग पुरचुंडी उलटी करून गोळीचे टोक नळीत घालायचे आणि वरचा कागद तोडून टाकायचा. गजाने गोळी तळापर्यंत ठासायची. घोडा अर्धा चढवून खाली तांब्याची टोपी बसवायची, घोडा पूर्ण चढवायचा, की बार. गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लागे, कारण जळक्या दारूची काजळी नळीत साचते आणि वंगणाशिवाय पाच-दहा बारांनंतर गोळी खाली उतरत नाही. दात, कागद आणि चरबी एकत्र आले ते इथे. पुढे हाताने फाडायची मुभा मिळाली, पण तोवर संशय भिनला होता. पितळी काडतुसाच्या .३०३ मध्ये चावायला आहेच काय?

वेगाचेही तेच. सराईत शिपाई मिनिटाला जेमतेम तीन बार काढी. पडद्यावर मात्र धाडधाड गोळीबार चालतो आणि धूर नावालाही नसतो. काळ्या दारूचा पांढरा धूर वारा पडलेला असला की समोरची फळी झाकून टाकतो. दिग्दर्शकांना खरे तर आयते दृश्य मिळते.

आणखी एक. एन्फिल्ड तेव्हा नुकती आली होती आणि डमडम, अंबाला, सियालकोट इथल्या केंद्रांत तिचे शिक्षण चालू होते. बहुतेक शिपायांकडे जुनी, गुळगुळीत नळीचीच बंदूक होती. मेरठला २४ एप्रिलला काडतुसे नाकारणारे ८५ जण घोडदळाचे स्वार होते. पडद्यावर तिथे पायदळ उभे करतात.

चित्रीकरणासाठी ठासणीची प्रतिकृती वापरावी, बार गोळीविना काढावा आणि गज नळीतून निघाल्याची खात्री दुसऱ्या माणसाने करावी. विसरलेला गज बाणासारखा सुटतो. भरण्याची सगळी क्रिया एकदा तरी न तोडता दाखवावी, वीस सेकंदांत होते.

तात्या टोपे मूळचे येवल्याचे, तेव्हा आपल्या जिल्ह्याकडे कॅमेरा वळेलच. भागोजी नाईकांच्या भिल्लांनी ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला लेफ्टनंट हेन्रीला मारले, तो प्रसंगही कुणी घेईल. भिल्लांकडे तोड्याच्या बंदुका होत्या. तोडा म्हणजे जळती वात. अंधारात तिचा निखारा लांबून दिसतो आणि पावसात ती विझते. चकमक भर पावसात रंगवायची असेल, तर हातात तीरकमठेच द्यावे लागतील.

— एक वाचक, नाशिक