‘आज नाही जोडणार’ म्हणालात, त्याबद्दल

वायरमनकाका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मी तुमच्यावर चिडलो होतो, हे आधी कबूल करतो. खानावळीसाठी घेतलेलं जुनं डिशवॉशर टेम्पोतून उतरलं होतं, दुसऱ्या दिवशी दीडशे पानांची ऑर्डर होती, आणि तुम्ही टेस्टर खिशात घालून म्हणालात, "आज नाही जोडणार." विकणारा तर सांगून गेला होता, गीझरच्या पॉइंटवर टाका, मस्त चालतं!

मशीनमागची पाटी तुम्ही मलाच वाचायला लावलीत. 415 व्होल्ट, तीन फेज, 10.5 किलोवॅट. तीन फेजवर प्रत्येकी 15 अँपिअरच्या आसपास, एकाच फेजवर टाकलं तर 45. गीझरचा पॉइंट 16 चा. थ्री फेज मीटर आमच्याकडे होताच. वाढीव भाराचा अर्ज तेवढा करावा लागला.

खरी गोम अर्थिंगमध्ये निघाली. होल्डरमधल्या बल्बची एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावलीत, लख्ख पेटला. न्यूट्रलची काढून अर्थला लावली, तर काहीच नाही. वायर मात्र जागेवर होती, हिरवीगार. तिच्यामागे माग काढत मोरीपर्यंत गेलात. ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली, आणि तो पाइप दोन वर्षांपूर्वी मीच बदलून प्लास्टिकचा केलेला. म्हणजे दोन वर्षं आमच्या खानावळीला अर्थिंग नव्हतंच. भांडी घासणाऱ्या मावशी त्याच ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा, पाच कोअरची (आत पाच वायर असलेली) केबल, भिंतीवर पाणी उडणार नाही पण हात पोचेल असा आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. मशीनमधला हीटर चालू केला की आरसीसीबी पडायची. आमच्या पोऱ्याने "बायपास करू का?" विचारलं, तेव्हा तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत, ती तो अजून विसरलेला नाही. मेन बंद करून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावलात. हीटर गोदामात पडून ओल धरून बसला होता. नवा टाकला, आरसीसीबी गप्प. मशीनचा पंप उलटा फिरत होता, ते दोन फेज अदलाबदल करून पाच मिनिटांत झालं.

ऑर्डरची भांडी आम्ही सगळ्यांनी हातानंच घासली. मीसुद्धा. कंबर चार दिवस बोलत होती.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबतो. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलंय. तुम्ही बिलात खड्ड्याची मजुरी लावली नव्हती, हे मला उशिरा कळलं. ती घ्यायला रविवारी या, काकूंनाही आणा. बासुंदी आहे.

आपला,
खानावळवाला