हळदीचा डाग लाल का झाला?

संपादक साहेब नमस्कार,

माझी पोरगी सातवीत आहे, आम्ल-आम्लारी (ॲसिड-बेस) तोंडपाठ पण शाळेत प्रयोग एकही बघितला नाही. परवा सोलापुरी टॉवेलवर आमटी सांडली, साबण लावला तर हळदीचा डाग लालभडक, वर लिंबू पिळलं तर परत पिवळा, तेव्हा तिला कळलं की साबण आम्लारिधर्मी असतो. अहो हळद म्हणजे घरातला लिटमसच की, आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगणारा कागद! हायड्रोक्लोरिक ॲसिड नि सोडियम हायड्रॉक्साइडचं मीठ-पाणी होतं हे सगळे लिहितात, पण या उदासिनीकरणात, म्हणजे आम्ल नि आम्लारी एकत्र येऊन एकमेकांचा गुण घालवतात तेव्हा, उष्णता निघते, म्हणून हातावर ॲसिड सांडलं तर सोडा न चोळता नळाखाली भरपूर पाणी सोडायचं हे कोण सांगतं? आणि बाथरूम धुताना ॲसिडमध्ये ब्लिचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. शाळांनी प्रयोगाचे तास खरंच घ्यावेत.

एक पालक, सोलापूर